शाश्वत पर्यटनावर आंतरराष्ट्रीय शोधनिबंध कसा लिहावा

हे मार्गदर्शन कोकणातल्या नाहीतर गोव्यातल्या एखाद्या कॉलेजात भूगोल, वाणिज्य किंवा पर्यटन व्यवस्थापन शिकवणाऱ्या, पीएचडी नुकतीच झालेल्या किंवा होता होता राहिलेल्या, आणि बढतीच्या अर्जात ‘स्कोपस’ या रकान्यापुढे काहीतरी लिहिणं भाग असलेल्या प्राध्यापकांसाठी आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. फायदा होणार नाही, पण वेळ जाईल. घराच्या मागे समुद्र असला तर चांगलंच. नसला तरी अडत नाही. या विषयात समुद्राकाठी राहण्याला गुण नाहीत. समुद्राकाठच्या माणसांबद्दल कुठे काय छापून आलं आहे, हे ठाऊक असण्याला आहेत.

आधी वंशावळ पाठ करावी

गावात पाऊल टाकण्यापूर्वी काही सालं तोंडपाठ हवीत. १९७३: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून ‘ॲनल्स ऑफ टुरिझम रिसर्च’ सुरू झालं. १९८०: ‘टुरिझम मॅनेजमेंट’, ब्रिटनमधून. १९८७: ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल, शाश्वत विकासाची जी व्याख्या तुम्ही पहिल्या परिच्छेदात उतरवणार आहात ती यातली. १९९३: ‘जर्नल ऑफ सस्टेनेबल टुरिझम’, संस्थापक-संपादक बिल ब्रॅमवेल आणि बर्नार्ड लेन, दोघंही ब्रिटनचे. ‘ॲनल्स’चे संस्थापक जाफर जाफरी मूळचे इराणचे, तेव्हा प्रवेश सगळ्यांना खुला आहे हे उघडच आहे. फक्त दार विस्कॉन्सिनला आहे.

इको-टुरिझमची कल्पना मांडण्याचं श्रेय एक्तोर सेबाल्योस-लास्कुराइन या मेक्सिकन वास्तुरचनाकाराला देतात, साल १९८३. तिची आंतरराष्ट्रीय संस्था १९९० मध्ये अमेरिकेत निघाली. कल्पना एकीकडे आणि कार्यालय दुसरीकडे, ही मांडणी नीट लक्षात ठेवावी. पुढे वारंवार भेटेल.

ही मासिकं वाईट आहेत, असा गैरसमज करून घेऊ नये. पर्यटक किती आले यापेक्षा त्यांनी मागे काय ठेवलं हे मोजावं, ही गोष्ट आपल्या पर्यटन खात्यांना सुचण्याच्या पुष्कळ आधी त्यांनी छापली आहे. अडचण इतकीच, की मोजायची पट्टी कुठे तयार व्हावी हेही तेव्हाच ठरून गेलं.

गाव कसं निवडावं

गाव लहान, सुंदर आणि धोक्यात असलेलं हवं. सिंधुदुर्ग सोयीचा. १९९७ मध्ये तो देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यामुळे प्रस्तावनेची दोन वाक्यं आयती मिळतात. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला यांपैकी काहीही घ्या. मात्र आंदोलन होऊन गेलेलं गाव शक्यतो टाळावं. तोंडवळीला ‘सी वर्ल्ड’ प्रकल्पाच्या जमिनीवरून वर्षानुवर्षं सभा झाल्या, शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी घेतलेल्या जमिनीचा वाद एक पिढी चालला. अशा गावातल्या लोकांना उलट प्रश्न विचारायची सवय लागलेली असते. तुम्ही पहिला प्रश्न विचारायच्या आत ते तुम्हाला विचारतात, ‘तुमका कोणी पाठवल्यान?’ याला प्रश्नावलीत रकाना नाही.

गाव ठरलं की नकाशा काढावा. त्यात कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा हवा, त्यात महाराष्ट्र, महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, सिंधुदुर्गात ठिपका. लोकसंख्या, पाऊस, अक्षांश-रेखांश, जवळचा विमानतळ हे सगळं द्यावं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावाबद्दल लिहिणाऱ्याला इतका खटाटोप करावा लागत नाही. तिथल्या गावात जे आढळतं ते माणसांविषयी असतं. तुमच्या गावात जे आढळेल ते तुमच्या गावाविषयी असेल. म्हणून शीर्षकही त्या बेताने ठेवावं. ‘पर्यटनाकडे पाहण्याची रहिवाशांची दृष्टी’ एवढंच शीर्षक त्यांना शोभतं. तुम्ही पुढे अपूर्णविराम देऊन ‘भारतातील एका किनारी गावातील पुरावा’ असं लिहायचं. हा अपूर्णविराम तुमच्या निबंधातलं सर्वांत प्रामाणिक चिन्ह आहे, तो गाळू नये.

वाङ्मयाचा आढावा

इथे घाई करू नका, कारण नवशिके इथेच फसतात. त्यांना वाटतं, गोव्याबद्दल लिहायचं तर गोव्यातल्या लोकांनी काय लिहिलं ते आधी वाचावं.

सुरुवात डॉक्सीपासून करावी. १९७५ मध्ये त्यांनी बार्बाडोस आणि कॅनडातलं नायगरा-ऑन-द-लेक पाहून रहिवाशांच्या चिडचिडीच्या चार पायऱ्या सांगितल्या: हर्ष, उदासीनता, चीड, वैर. मग रिचर्ड बटलर, १९८०. त्यांचं ‘जीवनचक्र’ म्हणजे इंग्रजी एस अक्षरासारखी वळणारी रेघ: आधी कोणीतरी जागा शोधतं, मग स्थानिक लोक सहभागी होतात, विकास होतो, दृढीकरण होतं, सगळं साचतं, आणि मग घसरण किंवा पुनरुज्जीवन. ही रेघ तुमच्या निबंधात असलीच पाहिजे. नसेल तर तज्ज्ञ विचारतील, आणि असली तर म्हणतील की ही फार वापरून झाली.

ही रेघ गोव्याला लावून पाहा. पहिली पायरी ‘शोध’. गोव्याचा शोध कधी लागला? पुष्कळ निबंधांत तो साठच्या दशकाच्या अखेरीस लागतो, हिप्पी हणजूण-कळंगुटला उतरले तेव्हा. त्याआधी गोव्यातली कुटुंबं मे महिन्यात हवापालटाला, खाऱ्या पाण्याच्या आंघोळीला किनाऱ्यावर येऊन राहत होती; भाड्याने घर घ्यायची, मडकी-भांडी बरोबर आणायची. ती रेघेवर दिसत नाहीत, कारण रेघ शून्यापासून सुरू करावी लागते आणि शून्य कुठे ठेवायचं हे येणाऱ्या पाहुण्यावर ठरतं. तुम्हीही शून्य तिथेच ठेवा. उगाच १९३० चं कळंगुट काढून बसलात, तर आलेख बिघडेल.

आता १९८७ वर या. गोवा त्या वर्षी राज्य झालं आणि परदेशी चार्टर विमानांची वर्दळही त्याच सुमाराला वाढू लागली. ‘जागृत गोंयकारांची फौज’ या गटाने जर्मनीहून आलेल्या पर्यटकांच्या बसवर शेण फेकलं, पत्रकं वाटली. शेण सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पत्रकांतली कारणं तेवढी राहिली नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं: गावाच्या विहिरी आटत असताना हॉटेलांना पाणी कुठून मिळतं, किनाऱ्यावर जायची वाट कुंपणाने का अडते, गोव्याचं जे चित्र परदेशात विकलं जातं ते कोणाला विचारून रंगवलं, आणि आलेल्या पैशातला गावात किती थांबतो. यांतला प्रत्येक मुद्दा आज या विषयाच्या पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरण म्हणून सापडतो. बंगळुरूच्या ‘इक्वेशन्स’ या संस्थेने १९८५ पासून हेच प्रश्न अहवालांतून, पुस्तिकांतून मांडले. त्या अहवालांना आपल्या क्षेत्रात ‘करडं साहित्य’ म्हणतात. म्हणजे वाचायला हरकत नाही, संदर्भात मात्र जपून द्यायचं.

मग २०१६ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या ‘स्किफ्ट’ या पर्यटन-व्यवसायाच्या वृत्तसंस्थेने ‘ओव्हरटुरिझम’ हा शब्द प्रचारात आणला आणि पाठोपाठ बार्सिलोना, व्हेनिसवर विशेषांक निघू लागले. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात निदर्शकांनी उपाहारगृहांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या, तेव्हा जगभर चर्चा झाली की यजमान समाजाची सहनशक्ती संपते तेव्हा नेमकं काय होतं. नवोदितांनी यावरून नियम काढून वहीत लिहून ठेवावा: गोंयकाराने १९८७ मध्ये केलं ती ‘स्थानिक प्रतिक्रिया’, आणि युरोपातल्या शहराने तीस वर्षांनी केलं ती ‘संकल्पना’. तुमच्या निबंधात संकल्पनेने सुरुवात करावी, प्रतिक्रिया उदाहरण म्हणून द्यावी. काळाचा क्रम उलटा होतो, पण संदर्भसूची सरळ दिसते.

प्रश्नावली

रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दिलेली पाच घरांची पट्टी वापरावी: पूर्णतः असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्णतः सहमत. विधानं तयार मिळतात, नवीन बनवू नयेत; नवी बनवली तर ती ‘प्रमाणित’ नसतात. ‘पर्यटनामुळे माझ्या जीवनाचा दर्जा सुधारला आहे’ असं विधान मराठीत करून तारकर्लीच्या घरगुती खानावळीच्या काकूंपुढे ठेवावं. काकू म्हणतील, ‘तसा बरा आसा, पण मे म्हयन्यात पाणी खय आसा?’ याला कोणत्या घरात टाकायचं? ‘बरा’ म्हणजे सहमत. ‘पण’ म्हणजे असहमत. दोन्ही मिळून तटस्थ. अशी तटस्थ माणसं कोकणात फार सापडतात, आणि त्यावर एक वेगळा निबंध होऊ शकतो: किनारी समुदायांतील पर्यटनविषयक उदासीनता. डॉक्सीची दुसरी पायरी, पहा, लागली हाताला.

काकूंचं उरलेलं बोलणं ऐकलंत, तर त्यात खोल्या वाढल्या तशा कूपनलिका किती वाढल्या, कोणाची विहीर खारी झाली, शोषखड्डा विहिरीपासून किती फुटांवर आहे आणि पंचायतीत हे कोणी बोलायचं नाही असं कोणी ठरवलं, हे सगळं येईल. वही बंद करून ऐकावं. चहा घ्यावा. हे ‘विश्लेषणात’ बसत नाही.

सिद्धांत म्हणून ‘सामाजिक देवाणघेवाण’ लावावा. जॉर्ज होमन्स यांनी तो पन्नासच्या दशकात मांडला आणि रहिवाशांच्या मतांवरच्या असंख्य पर्यटन-निबंधांनी पुढे तोच उचलला. मिळकत खर्चापेक्षा जास्त वाटली तर माणूस पर्यटनाला होकार देतो. सोपा आहे, जर्मन सॉफ्टवेअरमध्ये बाण काढून लगेच तपासता येतो, क्रोनबाख अल्फा सातदशांशच्या वर आला की काम झालं. फक्त गणपतीत प्रश्नावली घेऊन जाऊ नये. त्या दिवसांत मुंबईहून लाखो चाकरमानी येतात, कोकणातल्या रस्त्यांवर, पाण्यावर, कचऱ्यावर वर्षातला सर्वांत मोठा ताण तेव्हा पडतो, आणि हे लोक पर्यटक आहेत की घरी आलेले आहेत, हे सिद्धांताला ठरवता येत नाही. पर्यटकाच्या व्याख्येतल्या ‘नेहमीच्या वातावरणा’त ते मुंबईच्या खोलीत आहेत की गावच्या पडवीत? देवाणघेवाण म्हणावी तर यजमान आणि पाहुणा एकाच सातबाऱ्यावर आहेत.

तसं पाहिलं तर देशभर हीच गत आहे. २०१९ मध्ये, महासाथीच्या आदल्या वर्षी, भारतात सरकारी आकड्यांनुसार सुमारे २३२ कोटी देशांतर्गत पर्यटन-भेटी झाल्या, आणि परदेशी पर्यटक आले सुमारे १ कोटी ९ लाख. निबंध मात्र परदेशी पाहुण्यावर जास्त, कारण ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ यांची गाठ पडली की तिला सिद्धांत लागू होतो. कोल्हापूरहून गाडी काढून तारकर्लीला आलेलं, स्कूबा करून सुरमई खाऊन परत गेलेलं कुटुंब कोणत्या सिद्धांतात बसतं, हे अजून बाहेरून कळलेलं नाही.

संमतीपत्र

परदेशी मासिकाला नैतिक मान्यता लागते: तीन पानी पत्र, खाली सही. हेतू उत्तम आहे. ज्याच्याकडून माहिती घ्यायची त्याला ती कशासाठी, हे कळलंच पाहिजे. पण न कळणाऱ्या कागदावर सही मागणारा माणूस कोण असतो, याचा कोकणाचा अनुभव तुमच्या संशोधनाहून जुना आहे. गुहागरला एन्रॉनचा प्रकल्प, राजापुरात जैतापूरचा, मग नाणारचा. काकू तोंडी सगळं सांगतील, फणसाचे गरे देतील, सही देणार नाहीत. मासिकाच्या लेखी त्या काही बोलल्याच नाहीत.

निकष आणि झेंडे

निबंधाला वजन येण्यासाठी एखादं प्रमाणपत्र हवं. किनाऱ्यांसाठी ‘ब्लू फ्लॅग’ उत्तम. १९८५ मध्ये फ्रान्सात सुरू झालेलं, आज कोपनहेगनच्या संस्थेमार्फत चालणारं, ३३ निकषांचं. २०२० मध्ये भारताच्या आठ किनाऱ्यांना ते एकदम मिळालं. पाणी तपासणं, शौचालयं, जीवरक्षक हे सगळं हवंच आहे, त्याला नावं ठेवू नयेत. मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत केंद्र सरकारने या झेंड्यासाठी लागणाऱ्या सोयी बांधता याव्यात म्हणून सीआरझेडचे नियम सैल केले, हे तळटीपेत टाकावं. किनारा जपल्याचं प्रमाणपत्र मिळावं म्हणून किनारा जपायचा कायदा ढिला करणं, हे मूळ मजकुरात शोभत नाही.

दुसरी तळटीप रापणीची. मालवणच्या किनाऱ्यावर होडीने अर्धवर्तुळात जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांनी पंचवीस-पन्नास माणसं ते किनाऱ्यावरून ओढतात. मासळीचे वाटे पडतात; ओढायला आलेल्याला वाटा मिळतो. त्याला लांबरुंद, मोकळी पुळण लागते. आंघोळीच्या किनाऱ्याच्या निकषांत पुळण मोकळी असते ती टॉवेलांसाठी. पर्यटक रापण पाहायला येतात, फोटो काढतात, म्हणून ती ‘सांस्कृतिक आकर्षण’ या सदरात भरावी. सामाईक साधनाची वाटणी शतकानुशतकं कशी करायची याचं ते एक चालतं शास्त्र आहे, असं लिहायचं असेल तर आधी एलिनोर ऑस्ट्रॉम यांचं १९९० चं पुस्तक द्यावं. बाईंना २००९ मध्ये नोबेल मिळालं, आणि मच्छीमारांच्या, पाटकऱ्यांच्या अनुभवातून शिकून आपण लिहिलं, हे त्या मोकळेपणाने सांगत. रापणकऱ्याला मात्र आता आपलीच गोष्ट ऑस्ट्रॉमबाईंच्या हवाल्याने सांगावी लागते.

कार्बनचा हिशेबही घालावा, तो अलीकडे आवश्यक झाला आहे. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे आठ टक्के पर्यटनाचे, आणि त्यांतला मोठा हिस्सा श्रीमंत देशांच्या माणसांचा. आंतरराष्ट्रीय विमानांचा धूर कोणत्याच देशाच्या खात्यात धरला जात नाही. १९९७ च्या क्योटो करारात तो विषय आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपवला गेला. तेव्हा तुमची प्रश्नावली विमानाला लागू होत नाही. ती काकूंना लागू होते: एलईडी दिवे आहेत का, प्लास्टिकच्या नळ्या देता का, पाहुण्यांना टॉवेल पुन्हा वापरा असं सुचवणारं कार्ड ठेवता का. काकूंकडे पाहुणा आपला टॉवेल आपण घेऊन येतो. ‘नाही’ या घरात खूण करावी; गुण कमी होतील, इलाज नाही.

सहलेखक

परदेशी सहलेखक मिळाला तर सोडू नका. तो हिवाळ्यात येतो, डिसेंबर-जानेवारीत, आणि त्याला मोदक आवडतात. माहिती तुम्ही आणायची, भाषांतर तुमचे विद्यार्थी करतात, दुचाकीचं पेट्रोल कोण घालतं याची चर्चा होत नाही. मांडणी त्याची. नाव कोणाचं आधी, हे वर्णानुक्रमाने ठरतं असं सांगतात. आडनाव ‘वायंगणकर’ असेल तर पुढचं ओळखून घ्या. माणूस बहुधा सज्जन असतो आणि मनापासून ओशाळलेलाही. परिषदेला तो तुमचं नाव आग्रहाने कळवतो. व्हिसाची मुलाखत मुंबईत होते, बँकेचे सहा महिन्यांचे तपशील मागतात, आणि ‘दक्षिणेचा आवाज’ या सत्रात तुमच्या जागी तोच तुमच्या स्लाइड वाचून दाखवतो.

तज्ज्ञांचे अभिप्राय

निबंध परत येईल. पहिला तज्ज्ञ म्हणेल, इंग्रजी जन्मजात बोलणाऱ्या कोणाकडून तपासून घ्या. दुसरा विचारेल, मालवणच का? हा प्रश्न कधीही मनाला लावून घेऊ नये. उत्तरात ‘मालवण हे प्रातिनिधिक आहे’ असं लिहावं. कशाचं, ते विचारणार नाहीत. तिसरा म्हणेल, सैद्धांतिक भर अपुरी आहे. म्हणजे त्याचा निबंध तुम्ही उद्धृत केलेला नाही. तो शोधून काढावा आणि तीनदा द्यावा.

निर्वसाहतीकरण

हल्ली हेही मागतात, आणि ते चांगलं आहे. न्यूझीलंडच्या माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांचं १९९९ चं संशोधनपद्धतींवरचं पुस्तक खरोखर वाचावं. मलेशियाचे सय्यद हुसेन अलातास यांनी सत्तरच्या दशकात ‘बंदिवान मन’ म्हणून जे वर्णन केलं, त्यातलं मन बऱ्याच ठिकाणी ओळखीचं वाटेल. सहावीसातवीच्या भूगोलाच्या तासाला गावाच्या ओढ्याऐवजी ऱ्हाईन नदी शिकलेल्यांना तर फारच. मात्र पद्धत सांभाळावी. पाश्चात्त्य वर्चस्वावरची टीका त्याच मासिकांत, त्याच संदर्भशैलीत, त्याच तज्ज्ञांकडून मंजूर करून घ्यावी लागते. अलातास थेट न देता, त्यांच्यावर लिहिलेल्या लीड्स-सरेच्या प्राध्यापकाचा लेख दिला तर मंजुरी लवकर मिळते. निबंधाच्या शेवटी ‘स्थानिक ज्ञानाला केंद्रस्थानी आणलं पाहिजे’ असं वाक्य घालावं. ते कोणत्या भाषेत लिहिलेलं असेल आणि ते तपासायला केंद्रस्थानी कोण बसलेलं असेल, हे पुढील संशोधनासाठी सोडावं.

इथे एक आडवळण, जे अशा मार्गदर्शिकेत सहसा देत नाहीत. पश्चिमेचं वर्चस्व आपण शिकलो आणि मग पुण्या-मुंबईहून निघून ते कोकणात स्वतः वापरलं, हेही घडलेलं आहे. आपली प्रश्नावली घरमालक पुरुषाला विचारली जाते. पहाटे साडेचारला उठून पाहुण्यांची आंबोळी करणारी बाई आत असते. ‘स्थानिक समुदाय’ म्हणजे सरपंच आणि दोन खानावळवाले. गाबीत वाड्यातली मासळी विकणारी म्हातारी, गोव्याच्या शॅकमध्ये भांडी घासणारी नेपाळ-झारखंडची मुलं, शोषखड्डा उपसायला बोलावलेला माणूस, हे कोणाच्याच आढाव्यात नाहीत, ना त्यांच्या, ना आपल्या. यासाठी डॉक्सी-बटलरना दोष देता येणार नाही. ही आपली घरची उणीव आहे.

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर चालत जाणारी लाखोंची वारी दाखवून ‘हेच खरं शाश्वत पर्यटन’ असं ठोकून देणारे भाषणपटू वाढले आहेत. वारीचा मुक्काम, दिंडीची शिस्त, वाटेतल्या गावांचं अन्नदान हे अभ्यासण्यासारखं प्रचंड आहे आणि फारसं अभ्यासलेलं नाही. पण चंद्रभागेचं पाणी एकादशीनंतर कसं असतं, हेही त्याच वारकऱ्यांना ठाऊक आहे, आणि ते तुमच्यापासून लपवत नाहीत. आपलं म्हणून स्वच्छ, हा नवा सिद्धांत काढायची गरज नाही.

त्यापेक्षा मंडणगड तालुक्यातलं वेळास पाहून यावं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायचं काम सुरू केलं, मग कासव महोत्सव आला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, साधं शाकाहारी जेवण, ठरलेले दर. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांचा बचत गट स्वतः होडी वल्हवत कांदळवनाची सफर घडवतो. यात काय जमलं, काय बिघडलं, कोणाला किती मिळालं, कोण बाजूला पडलं, याची चर्चा तिथे रोज मराठीत चालते. तुमच्या निबंधात हे सगळं ‘केस’ म्हणून जाईल, एका चौकटीत, करड्या रंगाच्या पार्श्वभूमीवर.

छापून आल्यावर

निबंध सगळ्यांना मोफत वाचता यावा असं वाटत असेल, तर प्रकाशक दोन-चार लाख रुपये मागेल. वाटत नसेल, तर वाचणारा पैसे भरेल. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केली, तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची. त्यामुळे सरकारी संस्थेत असाल तर आपल्याच गावाबद्दलचा आपलाच निबंध पाहायची सोय देशाने करून ठेवली आहे. तारकर्लीच्या काकू सरकारी संस्था नाहीत.

गावात प्रत नेऊन दाखवावी का, असं काही भाबडे विद्यार्थी विचारतात. मासिकाची तशी अट नाही. नेलीच तर चार पानांचा मराठी गोषवारा काढून न्यावा, आणि घाईत असताना जाऊ नये, कारण लोक वाचतात. पहिल्याच पानावर कोणीतरी बोट ठेवील: तुम्ही जुलैत रापण ओढताना पाहिली असं लिहिलं आहे, पावसाळ्यात रापण घालत नाहीत, तुम्ही पाहिलं ते दुसरं काहीतरी. हे खरं असेल तर शुद्धिपत्र द्यावं लागेल. त्याचा अर्ज प्रकाशकाच्या संकेतस्थळावर इंग्रजीत मिळतो. त्यात चूक दाखवणाऱ्याचं पद आणि संस्था विचारतात. यादीत विद्यापीठं आहेत, संशोधन केंद्रं आहेत, एक-दोन संग्रहालयंही आहेत. रापण संघ नाही. ‘इतर’ निवडून पुढे जावं.